हिवाळी नासपतीच्या जातींची निवड व जुन्या फलसूच्यांचें वाचन

१. प्रयोजन.— बागांचे हिशेब, फळांच्या याद्या, भेटीदाखल धाडलेल्या डाल्यांचे उल्लेख अशीं साधनें संग्राहकांच्या दप्तरांत पुष्कळ सांपडतात. संशोधक त्यांतील नांव व किंमत टिपून पुढें जातो. फळ कोणत्या महिन्यांत उतरलें, कोणत्या महिन्यांत खाल्लें, हें पाहण्याची त्यास गरज वाटत नाहीं. आंब्यापुरतें हें चालेल, कारण आंबा उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा निकाल लागतो. परंतु शीत प्रदेशांत एक फळ असें आहे कीं, त्याची यादी महिने पाहिल्यावांचून वाचतांच येत नाहीं. तें फळ म्हणजे नासपती. आश्विन-कार्तिकांत झाडावरून उतरावयाचें आणि फाल्गुन-चैत्रांत खावयाचें, अशा तिच्या कांहीं जाती आहेत. त्या कोणत्या, त्या निवडाव्या कशा, आणि जुन्या लेखांतून त्या ओळखाव्या कशा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे.

२. शब्दांचा निर्णय.— प्रथम नांवांचा उलगडा केला पाहिजे. नासपती हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला. परंतु फारसींत या फळास 'अमरूद' असाही शब्द आहे, आणि हिंदुस्थानींत तोच शब्द पुढें पेरूस लागला. म्हणून इराण किंवा तुराणकडील फारसी लेखांत 'अमरूद' दिसल्यास तेथें पेरू समजणें चुकीचें होय. पेरू हें मूळ अमेरिकेंतील फळ. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या द्वारें तें इकडे आलें. आपल्या 'पेरू' या शब्दाची व्युत्पत्तिही पोर्तुगीज भाषेंतील 'पेरा' या नासपतीवाचक शब्दावरूनच मानतात. सारांश, एकाच फळाचीं दोन परकी नांवें दोन वाटांनीं आलीं आणि दोन्हीं तिसऱ्याच फळास जाऊन चिकटलीं. लेखाचा काळ व स्थळ ध्यानांत घेतल्याखेरीज येथें अर्थनिर्णय होत नाहीं.

संस्कृत साधनांत भावमिश्राच्या भावप्रकाशांतील 'अमृतफल' म्हणजे नासपती असें अनेक टीकाकार मानतात. याहून जुना आणि अधिक स्पष्ट उल्लेख चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याचा आहे. सातव्या शतकांत तो पंजाबांतील चीनभुक्ति नामक प्रांतांत राहिला होता. कनिष्क राजाजवळ ओलीस असलेले चीनकडील राजपुत्र हिवाळ्यांत तेथें राहत, त्यांनींच ही फळें प्रथम लाविलीं, म्हणून तेथील लोक पीच फळास 'चीनानी' व नासपतीस 'चीनराजपुत्र' म्हणतात, असें त्यानें नमूद केलें आहे. कथेचा ऐतिहासिक अंश कितीही असो, फळ बाहेरून आलें ही स्मृति नांवांत टिकली आहे.

मोगल काळीं दिल्लीच्या बाजारांत हिवाळ्यांत नासपती मिळत असे. फ्रेंच वैद्य बर्निए यानें १६६३ सालच्या पत्रांत तसें लिहिलें आहे. इराण, बल्ख, बुखारा व समरकंद येथून हिवाळ्यांत कापसांत गुंडाळलेलीं ताजीं द्राक्षें, सबंध हिवाळा टिकणारीं खरबुजें, आणि तीन-चार प्रकारच्या नासपती व सफरचंदें येत, असें तो सांगतो. समरकंदाहून दिल्लीची वाट त्या काळीं महिन्यांची. मऊ पडलेलें फळ ती वाट काढूं शकत नाहीं. तेव्हां बर्निएनें पाहिलेली नासपती ही टणक उतरलेली व उशिरा पिकणारी अशीच असली पाहिजे, हें उघड आहे. जातीच्या निवडीचा प्रश्न हा असा थेट आपल्या इतिहाससाधनांत येऊन पोंचतो.

३. रोमन ग्रंथकार.— साठवणीसाठीं जात निवडण्याचा विचार फार प्राचीन आहे. इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकांत केटो यानें आपल्या कृषिग्रंथांत बागेंत कोणत्या नासपती लावाव्या हें सांगतांना व्होलेमा, आनिकियाना व सेमेंतिव्हा या जाती सांठवणीस चांगल्या म्हणून वेगळ्या काढिल्या आहेत. तिसरें नांव पेरणीच्या हंगामावरून पडलेलें, म्हणजे ती उशिराची जात. इ. स. पूर्वीं ३७ च्या सुमारास, ऐंशीव्या वर्षीं ग्रंथ लिहावयास बसलेल्या व्हारो यानें फळांच्या कोठीचें वर्णन केलें आहे. कोठी कोरडी व थंड असावी. खिडक्या उत्तरेस असाव्या. त्यांतून वारा खेळावा, पण त्यांस दारें असावीं, नाहीं तर सततच्या वाऱ्यानें फळांतील रस उडून तीं सुरकुततात. आणि थंडावा वाढावा म्हणून भिंती व जमीन संगमरवरी चुन्यानें लिंपाव्या. दोन हजार वर्षांनंतरही या सूचनांत बदलण्याजोगें फार थोडें आहे.

४. फळाचा स्वभाव.— या फळाचा स्वभाव न समजतां निवडीचे नियम पाठ केल्यास उपयोग नाहीं. युरोपीय नासपती झाडावर नीट पिकत नाहीं. ती झाडावर ठेविल्यास गाभ्याकडून पिकूं लागते. बाहेरून टणक दिसत असतांच आंतून तपकिरी पडून सडते, व गरांत रवाळ कण वाढतात. म्हणून ती पूर्ण वाढल्यावर परंतु टणक असतांनाच उतरावी लागते. पुढें सांठवणींत तिच्यांतील पिष्टाची साखर होते व गर मृदु होतो.

हा पालट फळ स्वतःच्याच अंगच्या एका वायूनें घडवून आणतें. त्यास एथिलीन म्हणतात. पिकणारें फळ हा वायु सोडतें, हें रिचर्ड गेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३४ सालीं सफरचंदांच्या बाबतींत सिद्ध केलें. उन्हाळी जातींत हा वायु फळ उतरतांच उत्पन्न होऊं लागतो. त्यामुळें त्या आठ-पंधरा दिवसांत संपतात. हिवाळी जातींत मात्र कांहीं काळ थंडी सोसल्यावांचून तो पुरेसा उत्पन्नच होत नाहीं. आंजू या जातीस असे सुमारें दोन महिने लागतात. पास-क्रासान या जातीस शून्य अंशाच्या आसपास सुमारें तीन महिने लागतात. ती मुदत पुरी होण्याआधीं फळ उबेंत आणलें तर तें पिकत नाहीं. चामड्यासारखें चिवट राहून सुरकुततें.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. हिवाळी नासपती 'टिकते' असें आपण म्हणतों, पण वस्तुतः ती उशिरा पिकते. टिकाऊपणा हा तिच्या सालीचा गुण नसून तिच्या कालमानाचा गुण आहे. पुण्याच्या थंडींत कांहीं पहाटे पारा बराच उतरतो, परंतु महिनोन्महिने शून्याजवळ राहत नाहीं. म्हणून शीतगृहावांचून हें फळ आपल्याकडे त्या रीतीनें तयार होणें शक्य नाहीं.

५. फ्रान्सांतील सूचीकार.— ऑर्लेआं येथील राजकीय वकील ल लेक्तिए यानें १६२८ सालीं (शके १५५०), म्हणजे शिवजन्मापूर्वीं दोनच वर्षें, आपल्या बागेंतील झाडांची सूची छापून प्रसिद्ध केली. तींत सुमारें २६० नासपती आहेत. या सूचीची मांडणी अक्षरानुक्रमानें नाहीं. फळें पक्व होण्याच्या काळानें आहे. प्रथम लवकर येणाऱ्या, मग शरदांतील, शेवटीं हिवाळा ओलांडणाऱ्या. वाचणाऱ्यास फळाचें नांव किंवा रंग कळण्याआधीं त्याचा महिना कळतो. सूचीच्या अखेरीस त्यानें एक विनंति जोडली आहे: ज्यांच्यापाशीं या यादींत नसलेलीं उत्तम फळें असतील त्यांनीं कळवावें, म्हणजे कलमांची देवघेव करतां येईल. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस ही भाषा परिचित वाटेल.

चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील शाकफलोद्यान १६७८ ते १६८३ या वर्षांत तयार करणारा ला कँतिनी याचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर १६९० सालीं निघाला. जॉन एव्हलिनच्या नांवें त्याचें इंग्रजी भाषांतर १६९३ सालीं प्रसिद्ध झालें. बागेंत नासपतीचें एकच झाड मावत असेल तर तें कोणतें लावावें, हा प्रश्न घेऊन त्यानें एखाद्या शास्त्रार्थासारखा पूर्वपक्ष व सिद्धान्त मांडला आहे. त्याचा सिद्धान्त असा कीं, हिवाळी बों क्रेत्याँ लावावी. मग दुसरें झाड कोणतें, तिसरें कोणतें, असें करीत तो मोठ्या बागेपर्यंत जातो. राजाच्या बागेंत जागेची टंचाई नव्हती. तरीही त्यानें प्रश्न एका झाडापासून सुरू केला, कारण निवड म्हणजे काय हें तेथेंच कळतें.

६. बेल्जममधील नव्या जाती.— अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकाऊ नासपती बहुतेक कडक गराच्या किंवा केवळ शिजवून खाण्याच्या असत. मोंस येथील धर्मोपदेशक हार्देंपों (१७०५–१७७४) यानें बियांपासून मुद्दाम नवीं झाडें वाढवून त्यांतून लोण्यासारख्या गराच्या जाती निवडल्या. हिवाळ्यांत टिकणारी ग्लू मोर्सो ही त्याचीच. पुढें व्हान मोंस (१७६५–१८४२) यानें हें काम हजारों रोपांवर चालविलें. १८१९ सालीं ब्रुसेल्समधील त्याच्या रोपवाटिकेची जागा सार्वजनिक कामासाठीं गेली. तो लूव्हें येथें गेला, तर तेथेंही तीच आपत्ति ओढवली. तरी जीं कलमें त्यानें देशोदेशींच्या स्नेह्यांस आधींच वांटलीं होतीं तीं वांचलीं. मालीन येथील नेलिस या सभासदाच्या नांवानें विंटर नेलिस प्रसिद्ध आहे. त्याच गांवचा मेजर एस्पेरेन हा नेपोलियनच्या सैन्यांतील जुना योद्धा. त्यानें १८३० च्या सुमारास काढलेल्या जातीस पत्नीच्या नांवावरून जोसेफीन द मालीन हें नांव दिलें. फ्रान्सांत रूआं येथील ब्वाब्युनेल यानें पास-क्रासान व ओलिव्हिए द सेर या दोन उशिराच्या जाती दिल्या.

७. निवडीचे नियम.— आतां मुख्य विषय. पश्चिम युरोपच्या हवेंत घरगुती कोठींत ठेविलेल्या फळांचा खाण्याचा काळ साधारणतः असा धरतात: विंटर नेलिस नोव्हेंबर ते जानेवारी, ग्लू मोर्सो डिसेंबर व जानेवारी, जोसेफीन द मालीन डिसेंबर ते फेब्रुवारी, बर्गामोत एस्पेरेन जानेवारी ते मार्च, ओलिव्हिए द सेर फेब्रुवारी व मार्च, ईस्टर बरे जानेवारीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत. शिजवून खाण्याच्या जातींत कातियाक एप्रिलपर्यंत राहते. वुस्टर शहराच्या राजचिन्हांत असलेली काळी नासपती ही याच वर्गांतली.

यांतून निवडतांना पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट साखळीची. सर्वांत उशिराची एकच जात लावून भागत नाहीं. एकीचा काळ संपतां दुसरीचा सुरू व्हावा. ज्यास तीन झाडांपुरती जागा आहे त्यानें विंटर नेलिस, जोसेफीन व बर्गामोत एस्पेरेन अशी साखळी जुळवावी. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च हे पांच महिने भरून निघतात. एकाहून अधिक जाती असण्याचें दुसरें कारण परागाचें आहे. बहुतेक नासपती स्वतःच्या परागानें नीट फळत नाहींत. कातियाकचे पराग तर इतरांच्याही फारसे उपयोगी पडत नाहींत. तिच्या जोडीस आणखी दोन जाती असाव्या लागतात.

दुसरी गोष्ट हवेची. जितकी जात उशिराची तितका तिला झाडावर दीर्घ व उबदार शरद लागतो. ईस्टर बरे इंग्लंडच्या थंड, जड जमिनींत रवाळ व बेचव होते. तीच दक्षिणाभिमुख भिंतीच्या आश्रयानें चांगली होते. जोसेफीन इतकी हट्टी नाहीं. म्हणून सूचींत सर्वांत लांबचा महिना दिसला एवढ्यावरून जात निवडूं नये. आपली जमीन ती जात पिकवील काय, हें आधीं पाहावें.

तिसरी गोष्ट उतरणीची. हिवाळी जाती ऑक्टोबरांत शक्य तितक्या उशिरा उतराव्या. फळ हातांत धरून आडवें उचलावें. देंठ आपोआप सुटला तर वेळ झाली असें समजावें. घाईनें उतरलेलें फळ सुरकुततें व कधींच चांगलें पिकत नाहीं. देंठ शाबूत ठेवावा. पास-क्रासानच्या देंठाच्या टोंकास लाखेचा लाल थेंब देण्याची फ्रेंच व्यापाऱ्यांची चाल होती. ओलावा उडूं नये हा तिचा हेतु. आपण खलित्यावर मोहर करितों त्याच लाखेचा हा दुसरा उपयोग.

चौथी गोष्ट कोठीची. फळें एकेरी थरांत, एकमेकांस न लागतील अशीं, अंधाऱ्या व थंड जागीं ठेवावीं. चार अंशांच्या आसपासची उष्णता घरगुती सांठवणीस चालते. गवताचा वास फळास लागतो, म्हणून उघडी लांकडी फळीच बरी. मध्यम आकाराचीं फळें निवडावीं. फार मोठीं आधीं बिघडतात. डागी फळ तत्काळ काढावें, कारण एका फळाचा वायु शेजाऱ्यास वेळेआधीं पिकवितो. खाण्यापूर्वीं कांहीं दिवस फळें उबदार खोलींत आणावीं व देंठाजवळ अंगठ्यानें हलकेंच दाबून पाहावें. तेथें मऊ लागलें म्हणजे फळ तयार झालें. पोट मऊ लागेपर्यंत थांबल्यास उशीर होतो.

८. जुन्या सूच्या वाचतांना.— वरील विवेचनावरून संशोधकांस तीन सावधगिरीच्या सूचना करावयाच्या आहेत.

एक, पंचांगाची. इंग्लंडांत नवीं कालगणना १७५२ सालीं आली. त्यापूर्वींच्या इंग्रजी तारखा जुन्या गणनेच्या आहेत. एव्हलिनच्या १६६४ सालच्या उद्यानपंचांगांत महिनेवार तयार फळें दिलीं आहेत. त्या महिन्यांस फ्रेंच सूचीशीं ताडतांना दहा दिवस मिळविले पाहिजेत. सतराव्या शतकांतील २९ सप्टेंबर म्हणजे आजची ९ ऑक्टोबर. जो शक व फसली यांचा मेळ जंत्रीवरून घालतो त्यास हें नवें नाहीं. पण फळाच्या बाबतींत दहा दिवसांच्या फरकानें उतरणीचा सबंध अर्थ बदलतो.

दोन, नांवांची. बों क्रेत्याँ हें नांव पाहून टिकाऊ जात समजूं नये. हिवाळी बों क्रेत्याँ वसंतापर्यंत टिकते. विल्यम्स बों क्रेत्याँ ही उन्हाळ्याअखेरची, थोड्या दिवसांत संपणारी. तीच अमेरिकेंत मूळ नांव हरवून बार्टलेट झाली. याहून मोठा घोटाळा ग्लू मोर्सोचा. फ्रान्सांत ती बरे दारेंबेर या नांवानें पसरली. पण त्या नांवाची खरी जात निराळीच आहे. ईस्टर बरे हीच फ्रेंचांची द्वायेने दिव्हेर. त्यामुळें दोन सूच्यांत एकच नांव म्हणून एक फळ, किंवा दोन नांवें म्हणून दोन फळें, असें म्हणतां येत नाहीं.

येथें पोथी व कलम यांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. पोथीची नक्कल होतांना ग्रंथनाम बहुधा टिकतें व पाठ बिघडत जातो. कलमांत उलट होतें. फांदी मूळ झाडाचीच असल्यानें पाठ जवळ जवळ अक्षरशः टिकतो, आणि बिघडतें तें नांव. म्हणून फळाच्या बाबतींत अंतिम प्रमाण सूची नव्हे, झाड होय. सूची आपल्यास काय शोधावें हें सांगते. सांपडलेलें तेंच कीं काय, हें फळ कापून, त्याचा गाभा, देंठ व पिकण्याचा महिना पाहूनच ठरतें.

तीन, महिन्याच्या अर्थाची. 'मार्चपर्यंत टिकते' हें जुन्या सूचीकाराचें विधान त्याच्या कोठीपुरतें आहे. आजच्या शीतगृहांत उणें एक ते शून्य अंश उष्णता व नव्वद टक्क्यांहून अधिक दमटपणा राखतात. १९२९ सालीं इंग्लंडांत केंट परगण्यांत हवेंतील वायूंचें प्रमाण बदलून फळें ठेवण्याची पहिली व्यापारी कोठी निघाली. किड व वेस्ट यांच्या केंब्रिजमधील प्रयोगांचें तें फळ. तेव्हांपासून शरदांतील जातही वसंतापर्यंत ठेवतां येऊं लागली. आजच्या दुकानांतील महिना जुन्या सूचीस लावणें म्हणजे कालविपर्यास होय.

९. उपसंहार.— याच शीतगृहांनीं हिवाळी जातींवर संकट आणलें. १८९४ सालीं विक्रीस आलेली कॉन्फरन्स ही मूळची शरदांतली जात. भरपूर फळते, फारशी निगा मागत नाहीं, आणि यंत्राच्या थंडींत महिनोन्महिने राहते. इंग्लंड, बेल्जम व हॉलंड येथील बागांत आज तिचेंच प्राबल्य आहे. जोसेफीन किंवा ओलिव्हिए द सेर लावण्याचें व्यापारी कारण उरलें नाहीं. पास-क्रासान तर झाडें करपविणाऱ्या एका जंतुरोगास सहज बळी पडते, म्हणून मागें पडली. केंट परगण्यांतील ब्रॉग्डेल येथील राष्ट्रीय फलसंग्रहांत नासपतीच्या पांचशेंहून अधिक जाती जिवंत राखल्या आहेत. व्हर्सायचें शाकफलोद्यानही अद्याप चालू आहे. परंतु झाड हें कपाटांत बांधून ठेवण्याची वस्तु नव्हे. तें म्हातारें होतें, आणि त्यापूर्वीं कोणी त्याची फांदी दुसऱ्या खुंटावर बांधली नाहीं तर ती जात संपते. बियांपासून ती पुन्हां मिळत नाहीं, कारण बीं लावल्यास भलतेंच झाड येतें.

म्हणून ज्या संग्राहकांपाशीं फळांच्या जुन्या याद्या, रोपवाटिकांचीं विक्रीपत्रकें किंवा बागांचे हिशेब असतील, मग ते फारसी असोत, मोडी असोत वा युरोपीय भाषांतील असोत, त्यांनीं नांवाबरोबर उतरणीचा व खाण्याचा महिना, आणि तारीख कोणत्या गणनेची हेंही टिपून ठेवावें. हिवाळी नासपतीच्या बाबतींत महिना हाच लक्षणांतील मुख्य भाग आहे. तो गळला तर राहिलेल्या नांवावरून झाड शोधून काढण्यास कोणासही आधार उरत नाहीं. ल लेक्तिएनें १६२८ सालीं आपली सूची महिन्यांच्या क्रमानें लावली व तिच्या शेवटीं देवघेवीची विनंति केली. त्या दोन्हीं गोष्टी आपल्या कार्यासही लागू आहेत.